आमच्या फराळाचं ब्रेक्झिट

वागळे इस्टेटमध्ये आमचा फराळाचा गाळा आहे. चकली, कडबोळी, शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, आणि संक्रांतीच्या आधी तिळाच्या वड्या. किसननगर, पडवळनगरच्या बायका कामाला येतात. धंदा सासूबाईंनी नौपाड्यातल्या राहत्या घरातून सुरू केला. परदेशी माल पाठवायचं खूळ माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं. दिवाळीच्या तोंडावर गोखले रोडवरून लोक आपापल्या मुलाबाळांना कुरिअरने डबे पाठवतात, तो प्रकार वेगळा. आम्ही दुकानांसाठी माल पाठवतो: खोक्यांवर लेबल लावून, न्हावा शेव्याहून बोटीने, दुसऱ्यांच्या सामानासोबत एका कंटेनरमध्ये जागा घेऊन.

हा सगळा माल एकाच माणसाकडे जायचा. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरातले एक गुजराती व्यापारी, १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या कुटुंबांपैकी. आम्ही त्यांना भाई म्हणतो. फेलिक्सस्टो बंदरात माल उतरला की भाई तिथे जकात भरायचे, लेस्टरच्या गोदामात न्यायचे आणि तिथून लंडन, बर्मिंगहॅम, डब्लिन, ॲमस्टरडॅम, म्युनिक, जिथून मागणी येईल तिथे व्हॅनने नाहीतर पार्सलने रवाना करायचे. युरोपीय संघाची जकात एकच, नियम एकच. एका बंदरात रीतसर शिरलेला माल पुढे अठ्ठावीस देशांत कुठेही फिरू शकत होता. आमच्या दृष्टीने युरोप म्हणजे लेस्टर. त्यापलीकडे माल कुठे गेला हे दिवाळी झाल्यावर भाई फोनवर सांगत, तेव्हा कळायचं.

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये मतदान झालं आणि ५१.९ टक्के लोकांनी संघातून बाहेर पडायचा कौल दिला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाउंड गडगडला. आमची बिलं पाउंडात. मतदानाआधी शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाउंड वर्ष संपताना ८४ च्या घरात आला होता. बाहेर पडायला अजून साडेतीन वर्षं होती, एकही नियम बदलला नव्हता, आणि आमच्या त्या दिवाळीच्या बिलातून शंभरामागे पंधरा-सोळा रुपये आधीच गेले होते. बेसन आणि तेल काही पाउंडात मिळत नाही. वाशीच्या दाणाबाजारात जाऊन ‘लंडनला पाउंड पडलाय हो’ म्हटलं तर कोण ऐकणार? दिरांनी बिल डॉलरमध्ये करू म्हणून हट्ट धरला. भाई म्हणाले, मला गिऱ्हाईक पाउंड देतं, मी डॉलर कुठून आणू? शेवटी तोटा अर्धा अर्धा वाटून घेतला. आम्हाला ब्रेक्झिट कळलं ते असं.

पुढची तीन वर्षं नुसत्या तारखांची. आधी २९ मार्च २०१९, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. प्रत्येक तारखेच्या आधी तिकडचे व्यापारी माल भरून ठेवत, न जाणो बंदरं तुंबली तर. भाईंनीही तेच केलं, मार्चच्या आधी जास्तीच्या चकल्या मागवल्या. चकली म्हणजे टायर नव्हे. चार महिन्यांत तिला तेलाचा वास यायला लागतो. तारीख पुढे ढकलली गेली की भाईंचं गोदाम भरलेलं आणि आमच्या कढया पालथ्या. बायकांचा रोज बुडू नये म्हणून तेवढा माल आम्ही इथल्याच दुकानांना कमी भावात दिला.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन खरंच बाहेर पडलं, पण वर्षअखेरपर्यंत संक्रमणकाळ होता, त्यात जुनेच नियम चालू राहिले. खरी परीक्षा १ जानेवारी २०२१ ला. त्याआधीचे दहा-बारा दिवस कुणी विसरणार नाही. करोनाचा नवा प्रकार निघाला म्हणून फ्रान्सने ब्रिटनकडून येणारी वाहतूक बंद केली, इंग्लंडच्या किनाऱ्यावर केंटमध्ये हजारो ट्रक अडकले, भारताने तिकडची विमानं थांबवली. आमच्या तिळाच्या वड्या तेवढ्या नशिबाने आधीच लेस्टरला पोचल्या होत्या. २४ डिसेंबरला ब्रिटन आणि युरोपीय संघाचा व्यापार करार झाला आणि रात्री भाईंचा फोन आला, “बेन, डील थई गई. झीरो ड्यूटी!” जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नेहमीसारखी डब्लिनची खोकी लावली. संक्रांत तोंडावर होती.

खोकी अडकली. शून्य जकात होती ती ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. करार दोन बाजूंमधला. तिसऱ्या देशातला माल लेस्टरच्या गोदामात दोन आठवडे पडून राहिला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. वडी ठाण्याची ती ठाण्याचीच. फेलिक्सस्टोला तिच्यावर एकदा जकात भरली होती, आता डब्लिनला परत भरायची. शिवाय जकात ठरवण्यासाठी माल काय आहे, कशाचा आहे, कुठे बनला, याचे कागद भाईंकडे डब्लिनसाठी नव्हतेच; आजवर लागलेच नव्हते. संक्रांत गेली, रथसप्तमीही गेली. खोकी परत आली तेव्हा वड्या विकायच्या राहिल्या नव्हत्या.

लहान माणूस आहे म्हणून आपण सापडलो, असं आम्हाला वाटत होतं. तसं नव्हतं. मार्क्स अँड स्पेन्सर या बड्या दुकानाच्या पर्सी पिग नावाच्या गोळ्या तिकडे घराघरांत खातात. त्या बनतात जर्मनीत. जर्मनीहून ब्रिटनला येताना शून्य जकात, पण त्याच गोळ्या ब्रिटनहून आयर्लंडच्या दुकानांत जाताना जकात, कारण ब्रिटनमध्ये त्यांच्यावर काही प्रक्रिया झालेली नाही. त्यांच्या प्रमुखांनी जानेवारीत हे जाहीर सांगितलं. दिरांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, “बघ, डुकराच्या गोळ्यांचं आणि आपल्या वड्यांचं नशीब एकच.” सासूबाईंना हे काही आवडलं नाही.

त्याच सुमारास हॉलंडमधल्या हूक ऑफ हॉलंड बंदरावरचं एक चित्रण फिरत होतं. डच अधिकारी ब्रिटनहून आलेल्या चालकांची हॅमची सँडविचं काढून घेत होते. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून असे सोबत आणता येत नाहीत, आणि ब्रिटन आता बाहेरचा देश. सगळे हसत होते. मला मात्र बेसनाच्या लाडवातलं तूप दिसायला लागलं.

वाशीला आमचे सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, आहेत, निर्यातीची सगळी कागदपत्रं तेच बघतात. ठाणे-बेलापूर रस्त्याने त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी सांगितलेली पहिली वाट कागदावर सुरेख होती: भाईंनी माल बॉण्डेड गोदामात, म्हणजे जकात न भरता कस्टम्सच्या नजरेखाली ठेवायचा आणि जो युरोपला जायचा तो ट्रान्झिटच्या कागदांवर तसाच पुढे काढायचा. दोनदा जकात नाही. पण त्यासाठी हमी, वेगळी जागा आणि एकेका खोक्याचा हिशेब. भाईंनी तिकडच्या एका गोदामवाल्याकडून भाव काढला. तो आमच्या दोघांच्या मिळून नफ्यापेक्षा मोठा निघाला. दीर म्हणाले, युरोपचा नाद सोडून द्या, लंडन-बर्मिंगहॅम पुरे. हिशेबाने तेच बरोबर होतं. मी अडून बसले, कारण डब्लिन आणि हॉलंडची मागणी दरवर्षी वाढत होती आणि ती कशामुळे वाढते आहे हे मला दिसत होतं. त्याबद्दल पुढे सांगते. शेवटी ठरलं: युरोपचा माल युरोपातच उतरवायचा.

ॲमस्टरडॅमला लागून ॲमस्टेलव्हीन म्हणून गाव आहे, तिथे भारतीयांची मोठी वस्ती. ठाण्यात चरईला राहणाऱ्या एका ओळखीच्यांची सून तिथे आहे. त्या वहिनींनी हेगमधला एक घाऊक व्यापारी शोधून दिला. सुरिनामी हिंदुस्तानी: १८७३ पासून कलकत्त्याहून गिरमिटावर, म्हणजे ठराविक वर्षांच्या करारावर, सुरिनामला नेलेल्या मजुरांचे वंशज, आणि १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हॉलंडला आलेले. त्यांची बोली भोजपुरी वळणाची, माझं हिंदी ठाण्याच्या भाजीबाजारातलं. तरी पहिल्याच फोनवर आमचं जमलं. चकली त्यांनी कधी बघितली नव्हती. नमुना गेला, पसंत पडला, आणि मग त्यांनी कागदपत्रांची यादी पाठवली. ती वाचून माझी झोप उडाली.

आधी तूप. २१ एप्रिल २०२१ पासून युरोपीय संघाने संमिश्र पदार्थांचा नियम बदलला. वनस्पतीजन्य पदार्थात दूध, तूप, अंडं असं काही प्राणिजन्य मिसळलं असेल तर ते किती टक्के आहे यावर पूर्वी बरंचसं ठरायचं. आता टक्केवारी सुटली. थोडं का असेना, ते दूध-तूप संघाने मान्यता दिलेल्या देशातल्या, मान्यता दिलेल्या डेअरीचंच हवं, आणि आयातदाराने तसं सही करून लिहून द्यायला हवं. आम्ही ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं तूप घेतो ते जांभळी नाक्यावरचे व्यापारी. त्यांच्याकडे असला कागद मागितला असता तर त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं असतं. दिरांनी डोकं चालवलं: डच लोणी इथे आणू, कढवून तूप करू, त्याचे लाडू वळून परत हॉलंडला पाठवू. लोण्यावरची आपली आयात जकात बघितल्यावर ते गप्प झाले. बेसनाचे लाडू युरोपच्या यादीतून गेले. शंकरपाळ्यांना तुपाऐवजी तेलाचं मोहन घातलं. खुसखुशीत होतात, पण खाणाऱ्याला फरक कळतो.

ब्रिटनला हा नियम लागला नाही. हा बदल आला तेव्हा ते बाहेर पडलेले होते, त्यामुळे त्यांच्याकडे जुनंच चालू राहिलं. म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या दोन बाजारांचे नियम अक्षरशः एक होते, त्यांच्यासाठी आता आमच्याकडे दोन पीठं मळायला लागली. गाळ्यात बायकांनी त्यांना नावंही ठेवली: तुपातली ‘लंडनवाली’, तेलातली ‘हेगवाली’. परातींना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवल्या.

मग तीळ. हा भाग ब्रेक्झिटचा नाही, पण आमच्या डोक्यावर त्याच वेळी आला. भारतातून गेलेल्या तिळात एथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायला वापरतात तो, तिकडे बंदी असलेला वायू सापडल्यावर ऑक्टोबर २०२० च्या अखेरीपासून युरोपीय संघाने भारतीय तिळाच्या शंभरातल्या पन्नास मालांची तपासणी सुरू केली होती. नियम तिळाच्या पोत्यांचा, पण हेगच्या व्यापाऱ्यांना वड्यांसाठीही आणि चकलीवरच्या चिमूटभर तिळासाठीही प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता. तो एका खेपेचा खर्च किलोमागे मांडून बघितला तर तिळाच्या किमतीला लागत होता. चकलीतून तीळ काढून ओवा वाढवला. वड्यांसाठी मात्र तपासणी करून घेतो, त्याला इलाज नाही; संक्रांतीला ओव्याची वडी कोण घेणार?

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जकातीच्या कोडने. चकली हा खाण्याचा इतर पदार्थ धरायचा की पिठाचा तयार पदार्थ, २१०६ की १९०५, यावर आमचे सीएचए आणि हेगचे कस्टम्सचे दलाल यांच्यात ईमेलची लढाई झाली. ती संपल्यावर कळलं, की अशा पदार्थांवर युरोपीय संघाची जकात नुसती टक्क्यांत नसते. पदार्थात दुधाची चरबी, दुधातलं प्रथिन, पिष्ट आणि साखर किती, यावर आणखी एक रक्कम चढते. त्यासाठी म्युरसिंग नावाचं एक कोष्टक आहे. चारही प्रमाणं त्यात घातली की सातने सुरू होणारा चार आकडी कोड मिळतो, आणि त्या कोडप्रमाणे रक्कम. म्हणजे प्रत्येक पदार्थाचं पृथक्करण हवं, आणि प्रत्येक घाण्यात प्रमाण तेच राहायला हवं.

आमच्याकडे भाजणी करणाऱ्या मावशी सासूबाईंच्या वेळेपासूनच्या. तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग, पोहे, धने, जिरं, सगळं त्यांच्या हाताच्या अंदाजाने. त्यांच्यासमोर वजनकाटा ठेवला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशीची भाजणी करपली. माझा समज आहे की मुद्दाम. नंतर त्यांनीच युक्ती काढली: नेहमीसारखं हाताने घ्यायचं, आणि माझ्या पुतणीने प्रत्येक मूठ काट्यावर टाकून वहीत लिहायचं. वहीतला फरक बघून आम्ही चकित झालो. मावशींची मूठ प्रयोगशाळेपेक्षा फार हलत नव्हती.

ब्रिटनने बाहेर पडल्यावर आपलं वेगळं जकात कोष्टक केलं त्यात हे म्युरसिंग प्रकरणच मोडीत काढलं. बिस्किटं, मिठाया, पिझ्झे यांवरचे हजारो उपप्रकार गेले. बरेच दर सरळ आकड्यांत आले. हे लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे ब्रेक्झिट म्हणजे निव्वळ वेडेपणा असं म्हणायची पद्धत पडली आहे. ज्याला फक्त ब्रिटनला लाडू विकायचे आहेत त्याचं काम काही बाबतींत सोपं झालं. तिकडच्या व्हॅटच्या मार्गदर्शिकेत तर लाडू, बर्फी, जिलेबी, हलवा यांची नावं घेऊन शून्य व्हॅट लिहिला आहे, तर इंग्रजांच्या स्वतःच्या चॉकलेट-गोळ्यांवर २० टक्के. मार गेला तो दोन्हीकडे पाय असलेल्यांना.

लेबलांचं थोडक्यात सांगते. संघात विकायच्या पाकिटावर संघातल्या आयातदाराचा पत्ता हवा, तो १ जानेवारी २०२१ पासून. ब्रिटनने सवलतीची मुदत वाढवत वाढवत १ जानेवारी २०२४ पासून आपल्याकडचा पत्ता सक्तीचा केला. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, पण मालाच्या बाबतीत बरेचसे नियम संघाचे. त्यामुळे भाईंचं बेलफास्टचं एक दुकान होतं ते सरळ हेगकडे वळवलं. शेंगदाणे, तीळ, गहू, मोहरी ही नावं घटकांच्या यादीत ठळक छापायची, हे मात्र दोन्हीकडे सारखं. मालाचं मूळ भारत आहे हे सांगायचे मार्गही वेगळे: संघासाठी रेक्स नावाच्या नोंदणीवरून निर्यातदाराने स्वतः लिहून द्यायचं, ब्रिटनने २०२३ च्या जूनमध्ये आपली वेगळी योजना आणली. सीएचएंची फी वाढली. त्यांना दोष देत नाही, त्यांचंही काम दुप्पट झालं.

पहिला माल २०२१ च्या दिवाळीसाठी रॉटरडॅमला उतरला. त्या वर्षी कंटेनर मिळत नव्हते आणि भाडी आकाशाला भिडली होती, तरी उतरला. डब्लिनची खोकी आता हेगहून जातात. १ जानेवारी २०२१ नंतर आयर्लंडने ब्रिटनला वळसा घालून थेट फ्रान्सला जाणाऱ्या फेऱ्या वाढवल्या, रॉसलेअर ते डंकर्क ही नवी बोट तर २ जानेवारीलाच सुटली. नकाशावर बघितलं तर लेस्टर डब्लिनच्या किती जवळ आणि हेग किती लांब! पण आमच्या चकलीला लांबचा रस्ता जवळचा झाला आहे. किंमत वाढली, बेसनाचा लाडू नाही, तरी मागणी टिकली.

आता ती मागणी कुणाची, ते सांगते. भाई दर दिवाळीनंतर कुठल्या शहरात काय खपलं त्याची यादी पाठवतात. २०१५ च्या यादीत हॅरो, स्लाउ, लेस्टर, जुनी स्थायिक कुटुंबं. २०१९ पर्यंत हॉलंड आणि आयर्लंडचे आकडे फुगायला लागले होते. लंडनमधल्या कितीतरी बँकांनी आपली कामं डब्लिन, फ्रँकफर्ट, पॅरिसला हलवली. युरोपीय औषध संस्थेचं मुख्यालय २०१९ मध्ये लंडनहून ॲमस्टरडॅमला गेलं. त्या कामांमागे आपली आयटीतली मुलंही गेली. नोकरी हलली की तिच्यामागून चिवडा हलतो. मी अडून बसले होते ते या यादीवरून.

आणि मग २०२१ नंतर ब्रिटनचीच यादी बदलली. कॉव्हेंट्री, शेफील्ड, हॅटफील्ड, जिथे आमचं कधी काही खपलं नव्हतं तिथून लहान पाकिटांची मागणी. ३१ डिसेंबर २०२० ला युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन मुक्तपणे राहण्या-कमावण्याचा हक्क संपला आणि १ जानेवारीपासून आयर्लंड सोडून सगळ्या जगाला व्हिसासाठी एकच गुणपद्धती लागू झाली. पोलंडचा सुतार आणि ठाण्याचा इंजिनीअर एका रांगेत. १ जुलै २०२१ पासून शिक्षण झाल्यावर दोन वर्षं थांबून नोकरी करायची मुभा देणारा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला. आमच्या सोसायटीतूनच तीन मुलं गेली, आणि आमची पुतणीही, मावशींची मूठ मोजणारी. लेस्टरमध्येच एमएस्सी केलं आणि सुट्टीत भाईंकडे कामाला लागली.

तिच्यामुळे भाईंच्या गोदामाचं आतलं चित्र समजलं. पूर्वी तिथे पोलंड, रोमानियाची माणसं होती, आणि आपल्या दमण-दीवची. ही मंडळी पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली. डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळवता येतो, आणि पोर्तुगाल संघात असल्यामुळे तो पासपोर्ट म्हणजे ब्रिटनचं दार होता. आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. पुतणीने त्यातल्या दोघी वयस्क बायकांचे अर्ज फोनवरून भरून दिले. पासपोर्ट होता, पण पाच वर्षं तिथेच राहिल्याचे कागद जमवताना त्यांची दमछाक झाली. त्यांच्या दमणच्या भाच्यांना मात्र आता तो पासपोर्ट असूनही तिथे राहायला-कमवायला आपल्यासारखाच व्हिसा लागतो. रोमानियाचे परत गेले ते गेले. २०२१ च्या शरद ऋतूत तर ट्रकचालकच मिळेनात, सरकारला घाईघाईने तात्पुरते व्हिसे काढावे लागले. भाई त्या दिवाळीत पंच्याहत्तरीच्या जवळ आलेले, स्वतः व्हॅन चालवत होते.

गंमत अशी, की लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला त्यात येणाऱ्यांची संख्या कमी व्हावी ही मोठी इच्छा होती, आणि प्रत्यक्षात युरोपचे कमी झाले पण आमच्यासारख्यांचे इतके वाढले, की जून २०२३ पर्यंतच्या वर्षात येणारे वजा जाणारे हा आकडा नऊ लाखांच्या घरात गेला. मग दार आवळणं सुरू झालं. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायको-मुलं नेता येईनात. ४ एप्रिल २०२४ पासून कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची अट ३८,७०० पाउंड झाली. २०२१ च्या सुरुवातीला ती २५,६०० होती. नुकतं शिकून बाहेर पडलेल्यांना सवलत, तरी ३०,९६०. पुतणीच्या ग्रॅज्युएट व्हिसाला ७१५ पाउंड फी आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,२४८ पाउंड आम्ही भरला होता. मुदत संपत आली तेव्हा भाईंनी तिला ठेवून घ्यायचा विचार केला, परदेशी माणूस नोकरीवर ठेवायला लागतो त्या प्रायोजक परवान्याची चौकशीही केली. पण तेवढा पगार त्यांनी आपल्या मॅनेजरलाही कधी दिलेला नाही. २०२५ च्या सुरुवातीला ती परत आली. आता वागळेच्या गाळ्यात बसून दोन्हीकडचे कागद तीच बघते, आणि सीएचएंपेक्षा चांगले बघते असं माझं मत आहे. तिचं मत विचाराल तर तिला लेस्टरच बरं वाटत होतं.

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या शेवटापासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, त्यात दहा-बारा दिवस जास्त गेले आणि चकलीचं आयुष्य तेवढं कमी झालं. तो वेगळाच वैताग, इथे नको.

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार सह्या होऊन झाला. आपल्या जवळजवळ ९९ टक्के वस्तूंवरची जकात तिकडे शून्य होणार असं त्यात आहे. संघात असते तर ब्रिटनला एकट्याने असा करार करता आलाच नसता. २७ जानेवारी २०२६ ला युरोपीय संघाशीही भारताच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दीर खूश आहेत. मी जरा थांबले आहे, कारण या दोन्हींच्या आधीच, मे २०२५ मध्ये, ब्रिटन आणि संघाने आपसात खाद्यपदार्थांच्या नियमांवर करार करायचं ठरवलं, आणि त्यात ब्रिटनने संघाच्या नियमांबरोबर चालायचं आहे. पुतणीने ते वाचून पहिला प्रश्न विचारला तो तुपाचा. ब्रिटनने संघाचे नियम घेतले तर आमचा ‘लंडनवाला’ लाडू पुन्हा अडचणीत येऊ शकतो. जकात शून्य आणि लाडू बंद!

म्हणून तिने आतापासून मान्यता असलेल्या डेअरीचा शोध चालवला आहे. भाईंचा मुलगा विचारत होता, नवी लेबलं किती छापायची. एका हंगामापुरतीच छाप म्हणून सांगितलं.